दोन डाव्या बाजू

२ फेब्रुवारी

शिवणाचं दुकान बंद करून आज महिना झाला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या, त्या वाढत गेल्या तरी कधी कोणाला तोंडावर बोलले नाही. आता मोजायला कोणी नाही. मापांची ही वही अर्धी कोरी राहिली होती, टाकून देववेना, म्हणून छाती, कंबर, बाही अशा छापील रकान्यांवरच लिहायला बसले आहे. वाचणारं कोणी नाही, तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

आज घरामागच्या खोलीत, जिथे हे गिटारी बनवतात, ह्यांच्याकडे शाळेतल्या गाण्याच्या बाई आल्या होत्या. हात अगदी लहान मुलीएवढे. गिटार पेलत नाही, म्हणून त्यांना युकुलेले हवं आहे. गिटारचंच हे पिल्लू, चार तारांचं, पण नाव घेताना जीभ दोनदा अडखळते. हे म्हणाले, "करून देतो. पण त्याच्यापुढचं काम घेईन की नाही, आत्ता सांगत नाही." मी चहा घेऊन दारातच थबकले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांनी कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ही खोली बंद झाली तर हे दिवसभर करतील काय? मी निदान भांडू तरी शकते.

बाई गेल्यावर म्हणाले, "या वेळी बाजू तू वाकव."

मी हसले. हे हसले नाहीत.

मला कळतं सगळं. बायको दुकान सुटल्यापासून घरभर भुणभुण करत फिरते, तिला काहीतरी चाळा द्यावा. पोळ्या करताना लहान मुलाच्या हातात कणकेचा गोळा देतात, त्यातलाच प्रकार. मला कोणाची दया नको, नवऱ्याची तर मुळीच नको. तरी हो म्हटलं. दुपारी दोन ते पाच हा वेळ फार मोठा असतो.

५ फेब्रुवारी

वाद्याच्या बाजू म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या. हातभर लांब, चार बोटं रुंद. त्या खांद्याशी बाहेर, कंबरेशी आत आणि पोटाशी पुन्हा बाहेर अशा वळवायच्या, मग पुढून आणि मागून पातळ फळ्या चिकटवायच्या. खांदे, कंबर, पोट हे शब्द ऐकून मला जरा धीर आला.

पण वाकवण्याआधी पट्टी पातळ करायची असते. ह्यांनी रंधा माझ्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसले. मी म्हटलं, जरा जाड राहू दे, टिकेल. म्हणाले, "जाड पट्टी वाकत नाही, भांडते. दोन मिलिमीटरच्या खाली ने." तीन तास घासत होते. दंड भरून आले. हे आपले उंटावरून शेळ्या हाकतायत. "डावीकडे जास्त लागतंय. बोट फिरवून बघ. बोटाला काय लागतंय ते सांग." मी म्हटलं, तुम्हीच बघा ना फिरवून. तर म्हणाले, "तू शिकतेयस की मी?"

चहा काचेच्या पेल्यात दिला होता, चुलीवरून उतरवलेला. मी पदरात धरून आणला आणि हे सबंध पेला मुठीत घेऊन बोलतच राहिले. "पोळत नाही का हो?" म्हटल्यावर खाली ठेवला. बोलायला लागले की ह्यांना कशाची शुद्ध नसते.

९ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा गरम नळीपाशी उभी राहिले. बाकाला आडवी पकडलेली जाड धातूची नळी आहे, आतून विजेवर तापते. वर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत खाली घरंगळायला हवा, तेव्हा ती तयार. भिजवलेली पट्टी तिच्यावर टेकवायची, दोन्ही टोकं धरून हळूहळू मागेपुढे डोलवायची आणि दाब देत राहायचं. लाकूड आतून तापलं की एका क्षणी ऐकतं म्हणे.

माझं ऐकलं नाही. टाकाऊ लाकडाच्या चार पट्ट्या होत्या, चारही कंबरेशी कडकन गेल्या. मोडेन पण वाकणार नाही असा बाणा. माझ्या माहेरची माणसं आठवली.

प्रत्येक वेळी हे विचारणार, "तुटायच्या आधी हाताला काय वाटलं?" चौथ्या वेळी मी म्हटलं, "राग वाटला."

१० फेब्रुवारी

आणखी तीन मोडल्या. ह्यांच्या अंगठ्याजवळ एवढा मोठा फोड आला आहे. कधी भाजलं विचारलं, तर म्हणे लक्षात नाही. स्वतः कामाला हात लावत नाहीत आणि फोड मात्र ह्यांना.

१४ फेब्रुवारी

जमलं.

इतके दिवस मी जोर लावत होते. आज कंटाळून जोर कमी केला आणि कोटाची कॉलर करते तसं केलं. ओलं फडकं, गरम इस्त्री, आणि कापड स्वतः बसेपर्यंत वाट बघायची. कापडाला वाफ पोचली की ते हाताखाली जड होतं आणि मग एकदम मऊ पडतं. लाकडाचंही तेच निघालं. आधी पट्टी ताठ होती, मग हातात एक बारीकशी ढिलाई आली आणि ती नळीवर अशी टेकली की मला दाबावंच लागलं नाही.

मी ओरडूनच सांगितलं. हे स्टुलावरून उठून अगदी जवळ आले. "कुठे वाटली ढिलाई? तळव्यात की बोटांच्या टोकांत?" टोकांत, म्हटलं. "आधी की वाकतानाच?" किंचित आधी. "किती आधी?" आता हे काय शिवणाचे टाके आहेत का मोजायला? पण खोदून खोदून विचारत राहिले, आणि मी सांगत असताना माझ्या बोटांकडे असे बघत होते की मलाच अवघडल्यासारखं झालं. इतकी वर्षं हेच काम केलं, ह्यांना ठाऊक नाही का?

पण खोटं कशाला लिहू, आज फार आनंद झाला. दुकान सुटल्यापासून पहिल्यांदा जेवणाला चव आली.

१७ फेब्रुवारी

ह्यांचे शर्ट कपाटात तसेच लटकतायत. मी शिवलेले बारा शर्ट. हे आपले लेकीने पाठवलेले बिनबटणाचे, डोक्यातून घालायचे सदरे घालून फिरतात, तेही आळीपाळीने दोनच. शिंप्याच्या नवऱ्याने, म्हणजे शिंपीणबाईच्या नवऱ्याने, असं गबाळं राहावं? विचारलं तर म्हणाले, "सुटसुटीत वाटतं." लेकीला फोनवर म्हटलं, बाबांना असले कपडे पाठवू नकोस. ती म्हणाली, "आई, घालू दे ना त्यांना." बापाची बाजू घ्यायची सवय जुनीच आहे.

२० फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते.

ह्यांच्याकडे एक जुनी महोगनीची फळी होती, वीस वर्षं जपलेली. तिच्यातून तीन पट्ट्या निघाल्या. दोन कामाच्या, एक वरकड. वरकड ठेवतात ती मोडण्याच्या भीतीने. माझ्या दोन्ही पट्ट्या मोडल्या नाहीत. दोन्ही सुरेख वाकल्या, साच्यात अगदी चपखल बसल्या. डागसुद्धा नाही. मी पदर खोचून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघतच राहिले.

दोन्ही डाव्या.

पट्टीच्या एका कडेला उतार कापलेला असतो, म्हणजे वाद्य शेपटाकडे जाड आणि मानेकडे बारीक होतं. त्यामुळे एकदा वाकली की डावी ती डावी, उलटी करून उजवी होत नाही. दुकानात नवीन आलेल्या मुलीने दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या तर मी तिला आठवडाभर काजं करायला बसवत असे. आणि साठीला आलेली मी. आधी मलाच हसू फुटलं, मग ह्यांना. हे इतके हसले की भिंतीला टेकावं लागलं. कितीतरी दिवसांनी असे हसले.

हसणं संपल्यावर मी म्हटलं, "तुम्ही समोर होतात. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

म्हणाले, "मी तुझे हात बघत होतो. पट्टी नाही बघितली."

उत्तर म्हणून हे काही धड नाही. आता फळीतली एकच पट्टी शिल्लक आहे आणि ती उजवीच व्हायला हवी. ती मोडली की दुसऱ्या लाकडाची जोडी जमवावी लागेल आणि हे म्हणाले आहेत, "मग राहू दे. बाईंना नाही म्हणून सांगू आणि खोली आवरून टाकू." सहज म्हणाले, पण सहज म्हटलेलं वाटलं नाही.

२४ फेब्रुवारी

चार दिवस मी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठीक आहे, मला त्या पट्टीची भीती वाटते.

२६ फेब्रुवारी

सकाळी भाजी आणायला गेले होते. पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. मागच्या खोलीतून वास आला. इस्त्रीखाली लोकर राहिली की येतो तसला. मला वाटलं लाकूड करपतंय.

हे नळीपाशी उभे होते, पाठमोरे. हातात टाकाऊ लाकडाची पट्टी, नजर पट्टीवर. डाव्या हाताचा अंगठा पट्टीच्या कडेवरून घसरून सरळ नळीवर टेकला होता. तसाच. हे पट्टी डोलवत होते आणि अंगठा नळीवरच होता.

मी धावत जाऊन हात ओढला. ह्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि मग अंगठ्याकडे पाहिलं. बघेपर्यंत त्यांना काही कळलंच नव्हतं.

नळाखाली हात धरून उभी राहिले तेव्हा सगळं बाहेर आलं. वर्ष होत आलं. आधी मुंग्या, मग बोटांची टोकं बधिर, मग तळव्यापर्यंत. एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. नसा गेल्या आहेत. आहे तिथे थांबेल कदाचित, परत येणार नाही. गेलं वाद्य कसंबसं केलं, त्यात तीन जोड्या मोडल्या, मला सांगितलं लाकूड खराब होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू शिकली नसतीस. माझ्याकडे बघत बसली असतीस."

"आणि आज हे काय चाललं होतं?"

 नळ चालूच होता. मग म्हणाले, "तू घाबरलीस ते कळत होतं. म्हटलं, एकदा शेवटचं बघू. डोळ्यांनी जमतं का. नाही जमत."

वर्षभर ताकास तूर लागू दिली नाही या माणसाने. मी बोटाला मलम लावलं, पट्टी बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रडले. ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

२७ फेब्रुवारी

या वहीची मागची पानं चाळली. पेला, फोड, शर्टाची बटणं. सगळं मीच माझ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की एक खांदा उतरलेला आहे हे मला कळायचं, आणि घरातल्या माणसाचे हात गेले ते कळलं नाही. मी समजत होते मला रमवतायत. आणि त्यांना शिकवायची घाई होती.

लेकीला फोन केला. तिला माहीत होतं. सदरे म्हणूनच पाठवले होते. "बाबांनी शपथ घातली होती, आई." मी फोन ठेवून दिला. तिच्यावरचा राग जाईल, ह्यांच्यावरचा जायला वेळ लागेल. आजारी पडल्याचा राग नाही. डॉक्टरसमोरच्या बाकावर एकटे जाऊन बसले, त्याचा आहे.

३ मार्च

पाच दिवसांचा अबोला आज मोडला. म्हणजे हे म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि मी म्हटलं, "जीभ शाबूत आहे तर." दोघांनाही हसू आलं नाही, पण जेवण नीट झालं.

नंतर मी ह्यांचा हात ओढून घेतला आणि सुई घेऊन बसले. टोकाने नाही, मागच्या बोथट बाजूने. बोटं, काही नाही. तळवा, काही नाही. मनगट, "काहीतरी आहे." मनगटाच्या वर, "लागतंय." कोपराच्या आतल्या मऊ जागी तर हात झटकन मागे घेतला. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण तिथेच लावून बघतो.

मी म्हटलं, "एवढं पुष्कळ आहे. उद्या पट्टी भिजवते."

४ मार्च

सविस्तर लिहिते, कारण असा दिवस पुन्हा येईल न येईल.

सकाळी पट्टी पाण्यात घातली. मी शिवणाच्या खडूने तिच्यावर ‘उजवी’ असं लिहिलं, दोन्ही टोकांना आणि मध्येही. ह्यांनी साच्याला लावून तीनदा पडताळली. नळी तापली, थेंब नाचला. पट्टीचं एक टोक मी धरलं. दुसऱ्या टोकाशी माझा दुसरा हात आणि त्याच्या शेजारी, लाकडाला लागून, ह्यांनी बाही वर सारून कोपराची आतली बाजू ठेवली. दोघं इतके जवळ उभे होतो की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

कंबर आधी. तीच सगळ्यात अवघड, तिथेच मोडतं. मी डोलवत राहिले. वाफ आली, लाकडाचा गोडसर वास आला. हे म्हणाले, "आता दाब."

मी म्हटलं, "नाही. अजून नाही."

"अगं, वेळ झाली. वाळेल ती."

"माझ्या बोटांना अजून ताठ लागतेय. पाणी लावा."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत या खोलीत मी ह्यांना कधी अडवलं नव्हतं. स्वयंपाकघरात अडवणं निराळं. मग गुपचूप ओलं फडकं उचललं आणि पट्टीवर फिरवलं. पुन्हा वाफ उठली. एक बारीक कुरकुर ऐकू आली. हात थांबवले नाहीत, फक्त हलके केले. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग टोकांत ती ढिलाई आली.

"आली," मी म्हटलं.

आणि पट्टी झुकली. त्याच वेळी ह्यांचा हात लाकडाबरोबर खाली गेला आणि हे म्हणाले, "हो. कळलं मला. आत्ता कळलं." ह्यांचे डोळे भरले होते. माझेही. पण पट्टी गरम होती आणि खांदे नि पोट व्हायचं होतं, तेव्हा रडायला सवड नव्हती.

साच्यात बसवून चिमटे आवळले तेव्हा बारा वाजून गेले होते. डावी आणि उजवी. दोनदा तपासल्या. एक डावी वरकड राहिली, ती खिडकीत ठेवली आहे.

१८ मार्च

पुढची फळी, मागची फळी, मान. चिकटवणं चालू आहे. मापं आणि निर्णय ह्यांचे, हात माझे. दिवसातून चार वेळा भांडतो. लेक फोनवर म्हणते आवाज छान लागतोय दोघांचा.

२५ एप्रिल

बाई युकुलेले न्यायला आल्या. ह्यांनी सकाळपासून बटणांचा शर्ट घातला होता, बटणं मी लावून दिली.

बाईंनी तारा जुळवल्या, मांडीवर घेतलं आणि हळू काहीतरी वाजवलं. आवाज लहानसा, पण गोल आणि मोकळा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी हातातलं काम सोडून उभी राहिले. मग त्यांनी वाद्य उलटं केलं आणि कंबरेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "काय सुरेख वळण आलंय. तुमचा हात तो तुमचाच."

मी घाईघाईने म्हटलं, "हो ना. ह्यांचा हात वेगळाच आहे." हे मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं. बाहेरच्या माणसाने ह्यांच्याबद्दल हळहळलेलं मला चाललं नसतं.

 मग हे कोणाला माप सांगावं तितक्या सरळ म्हणाले, "बाई, या बाजू हिने वाकवल्या. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. वर्ष झालं."

 मला मान वर करवेना. इतके दिवस हे जे लपवायला खोटं बोलले, खोली बंद करायला निघाले, ते एका वाक्यात सांगून मोकळे झाले आणि आता खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न करत होते. मला अभिमान वाटला आणि भयंकर वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

बाईंनी आधी ह्यांचे हात पाहिले, मग माझे. हळहळल्या नाहीत, देव त्यांचं भलं करो. म्हणाल्या, "शाळेत आणखी एका मुलीला असंच हवं आहे. तिच्या आईला केव्हाचं सांगू?"

तारखा नेहमी हेच सांगतात. त्यात मला कधी बोलू दिलेलं नाही. आज ह्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि माझ्याकडे बघून थांबले.

मी म्हटलं, "अडीच महिने लागतील. घाई केलेली मला चालत नाही."

बाई वाद्य छातीशी धरून गेल्या. दार लावून हे म्हणाले, "अडीच महिने फार झाले. मी दोन सांगितले असते."

"वाकवणार कोण आहे?"

 ह्यांनी कोपऱ्यातली बादली मनगटात अडकवून उचलली आणि पट्ट्या भिजवायला पाणी भरून आणायला गेले.